पतंगाच्या मिशा आणि आपले कामगंध सापळे



कामगंध सापळे नेण्यात आपण मागे नाही. मागे आहोत ते सापळ्याची निगा राखण्यात. शिवारफेरीत विचारावे, "गोळी कधी बदलली?" तर उत्तर ठरलेले, "साहेब, सापळा लावलाय की!" सापळा टांगला म्हणजे काम झाले, हा समज पिकाला घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पतंगाच्या मिशांत आहे.

खोडकिडीची मादी रात्री गंध सोडते. नराच्या मिशांवर अतिबारीक पोकळ केस असतात. केसाच्या छिद्रातून गंधाचा कण आत शिरतो, आतल्या द्रवातून मज्जातंतूपाशी पोचतो आणि नराला मादीची वर्दी मिळते. पण हे कण तिथेच साठत गेले तर मिशी गंधाने तुंबेल, नवा गंध कळणारच नाही. म्हणून निसर्गाने तिथे विकरे, म्हणजे एन्झाइम, ठेवली आहेत. ती आलेला कण लगेच मोडून टाकतात.

अमेरिकेत व्होग्ट आणि रिडीफर्ड या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये पॉलिफेमस नावाच्या पतंगाच्या मिशांत असे विकर दाखवून दिले. हा पतंग म्हणजे आपल्या विदर्भातल्या टसर रेशमाच्या पतंगाचा भाऊबंद. १९८५ मध्ये त्याचा वेगही मांडला गेला. सेकंदाचे हजार भाग करा, त्यातल्या साधारण पंधरा भागांत निम्मा गंध खलास!

यामुळे नराला गंध झुळकेझुळकेने कळतो. झुळूक लागली की तो वाऱ्याला तोंड करून पुढे सरकतो, तुटली की आडव्या घिरट्या घालून पुन्हा शोधतो. मघाचा गंध त्याच्या मिशीत शिल्लक राहत नाही. गोळीतून आत्ता जे निघते तेवढेच त्याला ओढते. गोळी उडून गेली की सापळा म्हणजे नुसते रिकामे भांडे. तेव्हा पाकिटावरची मुदत पाळा.

दुसरे, प्रत्येक किडीचा गंध वेगळा. खोडकिडीचा अल्कोहोल जातीचा, तर कांडीकिडीचा मुख्य गंध ॲसिटेट जातीचा. एकीची गोळी दुसरीला चालत नाही.

तिसरे, सापळ्यात नरच सापडतात. शेजारच्या फडात मीलन झालेली मादी उडत येऊन तुमच्या उसावर अंडी घालणारच. एकदा अळी कोंबात शिरली की वरच्या फवाऱ्याने ती सहजी मरत नाही, पोंगा वाळल्यावरच आपल्याला कळते. "माझ्या एकट्याच्या सापळ्याने काय होतंय?" असे म्हणणारा सभासद चुकत नाही. चूक एकट्याने लावण्यात आहे.

म्हणून माझी सूचना अशी. गोळ्यांचे वाटप सभासदाच्या नावावर न करता शिवारावर करावे. उगवणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत सगळ्या शिवाराने एकाच दिवशी गोळ्या बदलाव्यात. जुनी गोळी जमा केल्याशिवाय नवी देऊ नये. सापडलेल्या पतंगांची संख्या वहीत लिहावी, म्हणजे ट्रायकोकार्ड केव्हा लावायचे ते आपोआप कळेल.

काहींना हे कडक वाटेल. पण पतंग आलेला गंध क्षणात पुसून पुन्हा ताज्या नाकाने शोधाला लागतो, आणि आपण मात्र मुदत संपलेल्या गोळीवर विसंबून राहतो. या लढाईत कोण जिंकणार, ते सभासदांनीच ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी