सर्पाचे दिवस-रात्र
अमरकोशांत सर्पास ‘चक्षुःश्रवा’, म्हणजे डोळ्यांनीं ऐकणारा, म्हटलें आहे. वस्तुतः त्या डोळ्यांस पापण्याच नसतात. वर केवळ पारदर्शक खवला असतो. नकोसा प्रकाश त्यास डोळे मिटून टाळतां येत नाहीं. म्हणून बंदिस्त सर्पास दिवसा सुमारें १२ तास उजेड, रात्रीं अंधार व लपण्यास आडोसा हवा. रात्रीं ऊब द्यावयाची झाल्यास ती दिव्याविना द्यावी. नाग, धामण घरीं पाळणें तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें निषिद्धच आहे. सुटींत आमच्या छत्रपती संभाजीनगरहून पुण्यास कात्रजचें सर्पोद्यान पाहावयास मुलें नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य करावें: कांचेवर विजेरीचा झोत टाकणारा चिमुकला हात हळूच धरावा व त्याचें कारण समजावून सांगावें.