नाकातली नळी आणि घरातलं गुपित



हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे आपल्या कितीतरी घरांतली मुलंमुली चांगल्या नोकऱ्यांना लागली, अलहम्दुलिल्लाह. पण त्यासोबत दिवसभराची बैठक आली, ट्रॅफिकमध्ये जाणारे तास आले आणि रात्री अकराला मागवलेलं जेवणही आलं. तिशीतच साखर आणि रक्तदाब मागे लागू लागले. त्यामुळे वजन कमी करण्याचं ऑपरेशन आता आपल्याही घरांत होतं, फक्त त्याची चर्चा दबक्या आवाजात असते. शेजारणीने विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं.’

पालकसभेनंतर आया या विषयावर बोलू लागल्या की पहिला प्रश्न नळीचा असतो. ‘मॅडम, नाकातून नळी घालतात म्हणे?’ ही भीती समजण्यासारखी आहे. आपल्याकडे रुग्णाच्या नाकात नळी दिसली की लोक यासीन शरीफ पढायला बसतात.

खरं तर नळी साधीच आहे. पेन्सिलीहून बारीक, नाकातून घशामार्गे जठरात जाणारी. जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांच्या नावावरून तिला ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात. ‘स्लीव्ह’ ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेलं जठर केळ्यासारखं निमुळतं होतं. भूल दिल्यावर जठरातली हवा आणि पाणी ओढून घ्यायला नळी लागते. मग ती काढून तोंडावाटे साधारण १२ मिलिमीटर जाडीची दुसरी नळी घालतात आणि तिच्या मापाने जठर कापून स्टेपलरने शिवतात. त्याआधी नाकातली नळी ओढून घेतलीच पाहिजे, नाहीतर तीच टाक्यांत अडकेल. म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांना विचारून खात्री करून घेतात.

पूर्वी ऑपरेशननंतरही नळी ठेवण्याचा रिवाज होता. आता सरसकट ठेवत नाहीत, कारण तिचा फायदा दिसत नाही आणि त्रास मात्र होतो. त्यामुळे बहुतेक रुग्ण शुद्धीवर येतात तेव्हा नाक मोकळंच असतं.

काहींना मात्र तिची गरज लागते. इजिप्तची इमान अब्द अल-अती आठवत असेल. सुमारे ५०० किलो वजनाच्या या तरुणीला फेब्रुवारी २०१७ मध्ये विमानाने मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. ७ मार्चला डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने तिचं स्लीव्ह ऑपरेशन केलं. तिला आधी पक्षाघात होऊन गेला होता आणि मुंबईत तिला नळीतून पातळ आहार द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचं निधन झालं. ज्याला नीट गिळता येत नाही, त्याच्या तोंडात मायेने घातलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. अयादतीला जाताना एवढं लक्षात ठेवा. यखनी असो की झमझम, नर्सला विचारल्याशिवाय एक चमचाही देऊ नका.

आता त्या गुपिताबद्दल बोलू. ऑपरेशनचे टाके ताजे असताना नळी न बघता आत सारली, तर टाक्यांची रेघ फाटू शकते. ‘बायपास’ ऑपरेशनमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि लगेच आतड्याचा जोड येतो. तिथे नळी पुढे रेटली तर भोक पडण्याचा धोका नंतरही राहतो. अशा रुग्णाला नळी घालायचीच असेल, तर शक्यतो त्याच्या सर्जनला विचारून, एक्स-रे किंवा दुर्बिणीने बघत घालावी लागते.

समजा, दोन वर्षांनी सून अपघातात बेशुद्ध झाली. दवाखान्यात सासूबाई आहेत आणि त्यांना पित्ताच्या खड्यांचंच ऑपरेशन माहीत आहे. डॉक्टर नेहमीप्रमाणे नळी मागवतील. पोटावरचे दुर्बिणीच्या ऑपरेशनचे बारीक व्रण दोन्हींत सारखेच दिसतात. मग डॉक्टरांना खरं कोण सांगणार?

दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीवर पडदा ठेवावा, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. मोहल्ल्याला सांगायची गरज नाही. पण नवरा, सासू-सासरे, मोठी मुलं यांपैकी निदान दोघांना खरं ठाऊक हवं. ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा. पुढे कोणतंही ऑपरेशन असलं, अगदी बाळंतपणाचं सिझर असलं, तरी भूलतज्ज्ञाला आधी हेच सांगा. रोजे कधीपासून धरायचे, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण अशा जठरात एका वेळी थोडंच पाणी मावतं. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

आणि सासूबाईंनो, सुनेने हे लपवलं असेल, तर ते बहुधा आपल्या टोमण्यांच्या भीतीने. ‘खाण्यावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतलं’ हे वाक्य आपल्या घरात बोललं गेलं नाही, तर तिला लपवावं लागणार नाही. शरीर अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी घेणाऱ्याला घरात शरमेने मान खाली घालावी लागू नये.