पाळणा मोठा, खोली तीच

जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ ज्या लहान, उथळ कडांच्या आणि सहज हलवता येणाऱ्या पाळण्यात निजते त्याला अमेरिकेत बॅसिनेट म्हणतात, आणि पुढे ते ज्या उभ्या गजांच्या मोठ्या पलंगात निजू लागते त्याला क्रिब. एकातून दुसऱ्यात बाळाला हलवण्याची वेळ बहुतेक घरांत महिने मोजून ठरवली जाते. ती बाळाच्या हालचालींवरून ठरली पाहिजे. बॅसिनेटवर वजनाची मर्यादा छापलेली असते आणि ती पाळावीच लागते, परंतु बाळ पालथे पडण्याची धडपड करू लागले किंवा तळहातांवर व गुडघ्यांवर अंग उचलू लागले, तर वजन कितीही कमी असले तरी बॅसिनेटचा उपयोग त्याच दिवशी थांबवणे आवश्यक ठरते, कारण त्याच्या उथळ कडेवरून तोल जाण्यास तेवढी हालचाल पुरते. दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवणेही त्याच वेळी बंद व्हावे, कारण हात बांधलेले बाळ पालथे पडल्यास त्याला मान वळवून नाक मोकळे करणे कठीण जाते.

हा टप्पा अनेकदा चौथ्या महिन्याच्या आसपास येतो आणि खरी गफलत येथेच होते. क्रिब म्हणजे बाळाची स्वतंत्र, सजवलेली खोली असे समीकरण अमेरिकी घरांत रूढ असल्याने पलंगाबरोबर खोलीही बदलली जाते. मात्र अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार बाळाने किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर निजावे. म्हणजे बॅसिनेट सुटले तरी खोली सुटण्याची वेळ आलेली नसते, आणि क्रिब आईवडिलांच्याच खोलीत मांडावे लागते. जागा अपुरी असल्यास मानकांनुसार बनवलेले लहान आकाराचे क्रिब मिळते, आणि भिंतीवरील सजावटीपेक्षा त्यावर केलेला खर्च अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आक्षेप येतो तो निराळाच. बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आजीला एवढ्या मोठ्या पलंगात एवढेसे बाळ उघडे-बोडके वाटते, आणि मग गोधडी, दोन्ही बाजूंना लोड व डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी अशी भर पडत जाते. या मायेमागील चिंता खरी असली तरी मऊ वस्तूत नाक रुतल्यास बाळ आपण सोडलेलीच हवा पुन्हा आत घेते आणि त्याला प्राणवायू कमी पडतो. झोपेतील अशा गुदमरण्याखेरीज, तपासणीनंतरही कारण न सापडणारे अर्भकांचे आकस्मिक मृत्यू ही एक स्वतंत्र वैद्यकीय संज्ञा आहे. बाळाला उताणे निजवण्याचा प्रचार अमेरिकेत १९९४ साली सुरू झाल्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. म्हणून क्रिबमध्ये घट्ट, सपाट गादी व तिच्यावर ताणून बसवलेली चादर याखेरीज काहीही नसावे. थंडीसाठी अंगात घालायची झोपेची पिशवी पुरेशी असते, आणि डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी बाळ जागे असताना, कुणाच्या नजरेखाली, त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवणे हा उशीपेक्षा सुरक्षित उपाय आहे. साडीच्या झोळीत पाठीला बाक येऊन हनुवटी छातीला टेकते व श्वासमार्ग दबू शकतो, त्यामुळे तीही झोपेची जागा ठरू शकत नाही. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने दहा अंशांहून अधिक उतार असलेली बाळांची झोपण्याची साधने आणि क्रिबच्या कडांना बांधायच्या जाड गाद्या यांच्या विक्रीवर बंदी आणली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

क्रिबची गादी व चौकट यांत दोन बोटांहून अधिक फट नसावी, बाळ बसू लागण्यापूर्वी गादी खाली उतरवावी आणि पडद्यांच्या दोऱ्या हाताला लागतील अशा ठिकाणी क्रिब मांडू नये. तिथल्या मराठी मंडळांतील कुटुंबांत बाळाचे सामान हातोहात फिरते. कपड्यांच्या बाबतीत ही प्रथा उत्तम आहे, क्रिबच्या बाबतीत मात्र धोक्याची, कारण एक बाजू खाली सरकवता येणारे क्रिब अमेरिकेत २८ जून २०११ पासून विक्रीतून बाद झाले आणि त्याआधी बनलेली बहुतेक क्रिब नव्या मानकांत बसत नाहीत. असे क्रिब दुसऱ्या घरी पाठवण्याऐवजी सुटे करून मोडीत काढावे.