पाकटाची भेट

मला पोहता येत नाही, हे या सदराच्या वाचकांपाशी मी पूर्वीच कबूल करून ठेवले आहे. तेव्हा ‘यंदा मी समुद्रात उतरलो’ असे लिहिले, तर आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकणार हे मी धरूनच चाललो आहे. पण उतरलो खरा. आणि तोही पाकटांच्या घोळक्यात!

पाकट म्हटले की मला थोरले मामा आठवतात. मी सात वर्षांचा असताना मालवणला रापण ओढताना त्यांचा पाय वाळूत दडलेल्या पाकटावर पडला. शेपटीवरचा करवतीसारखा काटा घोट्यापाशी घुसला. आजीने सोसवेल इतक्या कढत पाण्यात त्यांचा पाय बुडवून धरला. त्या विषाची कळ उष्णतेने उतरते, हे ती कुठल्याही पुस्तकाविना जाणत होती. तरी मामा रात्रभर कण्हत होते. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन हा नामांकित प्राणिमित्र पाकटाचा काटा छातीत घुसून दगावला, तेव्हा मी ठरवूनच टाकले की, या प्राण्याची आपली भेट मासळीबाजारातच बरी.

पण पुतण्या पडला हिशेबनीस, आणि नोकरीला कुठे, तर क्यूबाच्या दक्षिणेला, ग्रँड केमन बेटावर! सुटीत त्याच्याकडे गेलो. आपल्याकडे पाहुण्याला ग्रामदैवत दाखवतात, तसा तिथे नॉर्थ साउंडमधला वाळूचा दांडा दाखवतात. प्रवाळाच्या बांधावर लाटा बाहेरच फुटतात; आत कमरेएवढे नितळ पाणी. पूर्वी कोळी इथे नावा थांबवून मासे साफ करीत व आतडी पाण्यात टाकीत. त्या वासावर पाकट जमू लागले. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली, आणि आता बोटी भरभरून माणसे येतात.

“काका, पाऊल उचलायचं नाही हां. वाळूत घासत चालायचं. चाहूल लागली की ते आपणच बाजूला होतात.”

मामांना हे कोणी सांगितले नव्हते.

डोळ्यांवर काच चढवली, श्वासाची नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातले. करडी घोंगडी कडा हलवीत माझ्याकडे येत होती. नर लहानसे, माद्या मात्र चौरंगाहून रुंद. त्यातली एक सरळ पोटावर येऊन टेकली. मी घाबरून उभा राहिलो, नाकातोंडात पाणी गेले. पुतण्याने माकलाचा तुकडा माझ्या मुठीत कोंबला. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे आपण काय खातो ते त्याला दिसतच नाही. वासावर शोधायचे आणि भात्यासारखे ओढून घ्यायचे. मूठ रिकामी झाली. तिच्या अंगावरून हात फिरवला, तो ओल्या आळंबीसारखा मऊ लागला. शेपटी माझ्या गुडघ्याला लागून गेली. काटा स्पष्ट दिसला.

बोटीवर आल्यावर मात्र मन खट्टू झाले. हा प्राणी मुळात एकटा, रात्री भक्ष्य शोधणारा. इथे तो माणसांच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसा, गर्दीने जेवतो. अशा पाकटांच्या अंगावर जखमा नि परजीवीही अधिक आढळल्या आहेत. २०१३ साली तिथे कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले, तेही बरेच झाले. मी नावाड्याला विचारले, “यांना रानटी म्हणायचे की पाळीव?” तो म्हणाला, “इथे कुंपण नाही, साहेब.” उत्तर बरोबर होते, पण माझ्या मुठीतले माकूल संपताच ती बाई दुसऱ्याच्या मुठीकडे वळली, हेही मी पाहिले होते.

परतल्यावर मालवणला फोन केला. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. सारी हकीकत त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली.

“येवढो मोठो पाकट हातात गावलो,” ते म्हणाले, “आणि सोडून इलस?”