पोकरच्या पेशाचे उलटे गणित

अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने 2003 मध्ये लास वेगास येथील पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून 25 लाख डॉलर मिळवले. 839 खेळाडूंच्या या स्पर्धेत त्याला प्रवेश मिळाला, तो इंटरनेटवरील शंभर डॉलरहून कमी शुल्काच्या पात्रता फेरीतून. पोकर हा पेशा होऊ शकतो, ही कल्पना तेव्हापासून जगभर रुजली. भारतीय तरुणही तिला अपवाद राहिले नाहीत.

या पेशाची उमेदवारी मुख्यतः इंटरनेटवरच होत असे. पोकरमध्ये कौशल्याला वाव असला, तरी त्याचे फळ हजारो डावांनंतरच दिसते. तोवर तग धरायचा, तर अल्प रकमेचे डाव हवेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षे चाललेला वाद या कायद्याने बाजूला सारला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही.

उरतात ते गोव्याचे कॅसिनो. तेथे डावाची रक्कम मोठी, प्रवास व मुक्कामाचा खर्च वेगळा आणि जिंकलेल्या रकमेतून कॅसिनोचा वाटाही कापला जातो. त्याहून जाचक आहे तो प्राप्तिकर. पत्त्यांच्या मिळकतीवर सरसकट 30 टक्के कर लागतो आणि टेबलावर हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. वर्षभरात 10 लाख रुपये जिंकून 8 लाख हरलेल्या खेळाडूच्या हाती 2 लाख उरतात. अधिभार सोडला तरी कर होतो 3 लाख. म्हणजे खेळात नफा होऊनही पदरी एक लाखाचा तोटा येतो.

व्यसन आणि कर्जबाजारीपणा यांमुळे उद्ध्वस्त झालेली कुटुंबे पाहता सरकारची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु एकाच खेळाला मांडवीच्या पात्रात परवाना आणि मोबाइलवर बंदी, ही विसंगती झाकली जात नाही. छोट्या डावांना मज्जाव आणि मोठ्या डावांना मुभा, असा हा व्यवहार आहे. नोकरीचा राजीनामा देऊन पोकरकडे वळू पाहणाऱ्या तरुणाने आपल्या कौशल्याची परीक्षा घेण्याआधी हे गणित मांडलेले बरे.