चाकांवरचा संसार



परदेशात, विशेषतः अमेरिकेत, काही कुटुंबे आता घरदार विकून बारा महिने रस्त्यावर राहतात. पुढे बॅटरीवर चालणारी मोटार आणि तिच्यामागे जोडलेले चाकांचे घर. त्या घरात पलंग, शेगडी, संडास-बाथरूम सगळे असते, छपरावर सौर पत्रे बसवलेले असतात. हौसेचा संसार आहे, पण अडचणी त्यालाही आहेत. मागे घर जोडले की वजनाने आणि वाऱ्याच्या अडथळ्याने मोटारीचा पल्ला जवळपास निम्म्यावर येतो. चार्जिंगच्या बहुतेक जागा एकट्या मोटारीपुरत्या, म्हणून घर सोडवून बाजूला उभे करायचे, मोटार चार्ज करायची आणि पुन्हा घर जोडायचे. मुक्कामाला मात्र ठरलेले तळ असतात. तिथे पाण्याचा नळ, विजेची जोडणी, सांडपाण्याची सोय, सगळे मिळते.

हे वाचून आपल्या बीड जिल्ह्यातल्या आयाबहिणींना हसू येईल. ट्रॅक्टरमागे घर जोडून निघणे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांना नवे आहे काय? धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, दिवाळी आली, की ट्रॉल्या भरू लागतात. पत्र्याची पेटी, भांडी, ज्वारी-बाजरीची पोती, सरपण, एखादी शेळी, कोंबड्यांचे खुराडे, आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे व म्हातारी माणसे. कोल्हापूर-सांगलीकडचा कारखाना असला तर तीनशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला, थंडीत, रात्रभर. कोणी कर्नाटकात जाते. फरक एवढाच की तिकडचा माणूस घर विकून निघतो आणि आपला माणूस उचल घेऊन.

आणि पोचल्यावर तळ कसला? उघडे रान. बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी, आत वाकून जावे लागते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे अंधारात फडावर, मोळ्या बांधून गाडी भरायची, ती कधी मध्यरात्री येईल त्याचा नेम नाही. बाईने त्याआधी भाकरी थापलेल्या असतात, पाणी आणलेले असते. तिची मजुरी मात्र जोडीत धरलेली. उचलीचे पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, खाडा झाला तर दंड दोघांच्या हिशेबात चढतो.

या खाड्याच्या भीतीने काय झाले ते सांगायलाच हवे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीतही मोळी उचलायची, अंगावरून जाते म्हणून दवाखाना गाठला तर पिशवी काढायचा सल्ला. त्यानंतर खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. चांगले झाले, पण नळ आणि संडास परवानगीने येत नाहीत.

गंमत पाहा. २०२१ साली आपल्याच राज्य सरकारने पर्यटकांसाठी ‘कॅरॅव्हॅन’ धोरण आणले. चाकांवरच्या घरातून सहलीला जाणाऱ्यांसाठी पाणी, वीज, वाहनतळ असलेली ठिकाणे व्हावीत, असा त्यात विचार आहे. असो बापडे, सहलीला कोणाची ना आहे! पण चार दिवसांच्या पाहुण्याला तळ लागतो हे ज्यांना कळते, त्यांना पाच-सहा महिने राहणाऱ्या टोळीला तो लागतो हे का कळू नये? कारखान्याच्या प्रत्येक टोळीमागे दोन नळ, चार संडास आणि सौर दिवे, एवढी मागणी काही फार मोठी नाही.

बैलांकडे मात्र लक्ष गेले. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी ऊसगाडीच्या पुढे एक जादा चाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी केला. अक्कल असली तर असे होते. आता ट्रॅक्टरही बॅटरीवर येऊ लागले आहेत. डिझेल वाचेल ते मालकाचे. ट्रॉलीत बसलेल्या लेकराला त्याचा उपयोग शून्य.

मजुरीबद्दल सांगायचे तर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आहे. कागदावर बरेच आहे, ते पदरात पाडून घेणे आपले काम.

तेव्हा यंदा निघण्याआधी घरातल्या बाईने एवढे करावे. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र घ्यावे. रेशनकार्ड सोबत न्यावे. आधार जोडलेले असेल तर धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, कर्नाटकातही मिळते. उचलीचा आकडा आपल्या वहीत, आपल्या हाताने लिहावा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यावा. फिटली नाही म्हणून मुकादमाने माणूस अडकवून ठेवला तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे, आणि संविधानाचे कलम २३ त्याच्याही आधीपासून तेच सांगते. तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

शिकणारी मुले शक्यतो सोबत नेऊ नयेत. गावात आजी नसेल तर मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाबद्दल विचारावे, आणि ते ट्रॉली भरायच्या आधी विचारावे. तान्हे बाळ सोबत असेल तर त्याचे लसीकरण कार्ड पेटीत अगदी वरती ठेवावे. तिकडच्या उपकेंद्रातली नर्सबाई आधी तेच मागते.