गल्ल्यावरचा माऊस वायरचाच हवा!



आज मुद्रा लोन नाही, जीएसटी नाही, इन्स्टाग्रामचं मार्केटिंगही नाही. आज माऊस. हसू नका. ज्याचं दुकान एकाच कॉम्प्युटरवर चालतं, त्याचा माऊस बंद म्हणजे दुकान अर्धं बंद. समोर चार गिऱ्हाइकं उभी, बिल स्क्रीनवर तयार, आणि बाण जागचा हलत नाही. मग आपण काय करतो? माऊस टेबलावर दोनदा आपटतो, सेल काढून हातावर चोळून परत घालतो, शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. तेवढ्यात चारातली दोन गिऱ्हाइकं "नंतर येतो हां" म्हणून निघून गेलेली असतात. ती येत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं तर पुढे वाचा, नाही पटलं तरी वाचा. जिथे पैसे घेतले जातात आणि बिल निघतं, त्या कॉम्प्युटरला वायरचाच माऊस हवा. वायरलेसची हौस बॅगेतल्या लॅपटॉपवर भागवा. आणि आत्ता गल्ल्यावर वायरलेसच असेल, तर २००-३०० रुपयांचा एक साधा वायरचा माऊस आजच आणून खणात टाकून ठेवा.

यात कंजूषपणा नाही, हिशोब आहे. वायरच्या माऊसमध्ये बिघडायच्या जागा मोजक्या: वायर, पोर्ट, बटणाखालचा स्विच आणि खालचा सेन्सर. वायरलेसमध्ये स्विच, सेन्सर आणि पोर्ट तर आहेतच, वर सेल आला, डोंगल आला, डोंगल आणि माऊसची जोडी जुळणं आलं, आणि मधल्या हवेतला सिग्नल आला. धंद्यात जी वस्तू बंद पडून चालत नाही, तिच्यात बिघडायच्या जागा कमी असाव्यात. इतकं साधं आहे.

"पण सर, वायर चहाच्या कपात जाते, काउंटर गबाळं दिसतं." मान्य. वायर मॉनिटरच्या मागून घ्या, टेपने चिकटवा. गिऱ्हाईक तुमच्या माऊसची वायर बघायला येत नाही, बिल किती लवकर मिळतं ते बघतं.

आता समजा वायरलेस माऊस ऐन वेळी गेलाच. पहिला नियम: दुरुस्ती नंतर, गिऱ्हाईक आधी. खणातला वायरचा माऊस लावा आणि बिल काढा. तो नसेल तर कीबोर्ड आहे की! टॅली तर मुळात कीबोर्डवरच पळतं. व्हाउचरच्या स्क्रीनवर एफ-८ दाबलं की सेल्स, एफ-६ दाबलं की रिसीट, कंट्रोल आणि ए दाबलं की एंट्री सेव्ह. ब्राउझरमध्ये टॅब दाबत पुढच्या रकान्यात जा, एंटर मारा. प्रिंटला कंट्रोल आणि पी. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असेल तर आणखी एक सोय विंडोजमध्ये आहे: डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारलं तर एंटर द्या. मग ८, २, ४, ६ ने बाण हलतो आणि ५ ने क्लिक होतं. हळू चालतं, पण चालतं. महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी जीएसटीआर-३बी भरायला बसलात आणि माऊस गेला, तर ही तीन बटणं आठवा. रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, आणि माऊस बिघडला होता हे कारण पोर्टल विचारत नाही.

गर्दी ओसरली की मग माऊस हातात घ्या. सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: दोष माऊसचा की कॉम्प्युटरचा? त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर शोधत फिरायची गरज नाही. डोंगल ओटीजी लावून मोबाईलला जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर लगेच बाण दिसतो. तिथे माऊस नीट चालला तर माऊस ठीक आहे, घोळ कॉम्प्युटरच्या बाजूला आहे किंवा जागेचा आहे. तिथेही तेच नखरे केले तर घोळ माऊसमध्ये. ब्लूटूथचा माऊस असेल तर डोंगल नसतो, तो फोनशी थेट पेअर करून बघा. दोन मिनिटांची ही तपासणी केली की निम्मी डोकेदुखी कमी होते.

सेलबद्दल फार बोलत नाही, तो तुम्ही बदलताच. फक्त एवढंच, की सेल उतरायला लागला की माऊस एकदम मरत नाही, आधी अडखळतो. भिंतीवरच्या घड्याळाचा स्वस्त सेल घातला तर चालतो, पण लवकर मान टाकतो. अल्कलाइन घ्या. स्प्रिंगवर पांढरी पावडर जमली असेल तर सेल गळलाय. इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवा सेल घाला. आणि खाली लाल दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला असं समजू नका. बऱ्याच माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो.

आता दुकानदारांचा खास आजार: बाण उड्या मारतो. बाण उडतो म्हटलं की मी आधी काउंटर बघतो. आपल्याकडे दुकानाचं काउंटर काचेचं. आत घड्याळं, बांगड्या, मोबाईलची कव्हरं मांडलेली, आणि त्याच काचेवर माऊस! ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढतो आणि दोन फोटोंतला फरक मोजून बाण हलवतो. स्वच्छ काचेवर त्याला फरक ओळखण्यासारखं काही सापडत नाही, मग बाण वेड्यासारखा वागतो. यावर उपाय म्हणजे माऊसपॅड. तो नसेल तर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याची कोरी बाजू वर ठेवा, तेवढ्यावर भागतं. टेलरिंग किंवा फॅन्सी ड्रेसचं काम करणाऱ्या ताईंनी माऊस उलटा करून सेन्सरच्या खिडकीत बघावं. तिथे दोऱ्याचा एखादा तुकडा बसलेला असतो, आणि एवढ्याशा धाग्यापायी बाण थरथरत असतो.

काच नाही, धागा नाही, सेल नवा आहे, तरी बाण अडखळतोय? मग डोंगल कुठे लावलाय ते बघा. हे कारण फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डोंगलवाला माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. ब्लूटूथही तिथेच, बहुतेकांचं वायफायही तिथेच. त्यात कॉम्प्युटरचे यूएसबी ३.० पोर्ट, जे बहुधा आतून निळे असतात, ते जोरात काम करताना याच पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. म्हणजे तुम्ही हार्डडिस्क निळ्या पोर्टला लावून बॅकअप घेताय, आणि डोंगल शेजारच्याच पोर्टमध्ये आहे, तर बाण तेवढ्याच वेळात रखडणार. बॅकअप संपला की आपोआप बरा! आपण म्हणतो, कॉम्प्युटर स्लो झालाय. कॉम्प्युटरचा काही संबंध नसतो.

बरं, आपल्याकडे सीपीयू असतो टेबलाखाली, डोंगल त्याच्या मागच्या बाजूला, आणि टेबल लोखंडी. सिग्नलने बिचाऱ्याने यावं कुठून? एक-दोन फुटांची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल वर, माऊसपासून हातभर अंतरावर आणून ठेवा. तेही नको असेल तर पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावा. (वायरलेस माऊस नीट चालावा म्हणून वायर विकत घ्यायची, ही गंमत तुमच्या लक्षात आली असेलच.)

माऊस थोडा वेळ न वापरता ठेवला की झोपतो आणि उठायला वेळ घेतो, असं असेल तर विंडोज वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. झालं.

आता सगळ्यात धोकादायक बिघाड. माझं स्पष्ट मत आहे की बंद पडलेला माऊस परवडला, पण एका क्लिकचे दोन करणारा नको. बंद पडलेला माऊस निदान कळतो तरी. हा मात्र चालत असतो आणि गुपचूप नुकसान करतो. बिलात नग वाढवायला एकदा दाबलं, तो दोनने वाढला. एक खिडकी बंद केली, तिच्या मागचीही गेली. फाइल ओढून एका फोल्डरमध्ये न्यायला गेलात, ती मध्येच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडली. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही, आणि संशय बिचाऱ्या पोऱ्यावर! ओळखायचं कसं? डेस्कटॉपवरच्या फोल्डरवर एकदाच, सावकाश क्लिक करा. तो फक्त निवडला जायला हवा. दहा-पंधरा वेळा करून बघा. मधूनच आपोआप उघडला, तर डाव्या बटणाखालच्या स्विचमधली तांब्याची पट्टी दमलीय. (फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकने उघडायची सेटिंग चालू नाही ना, एवढं आधी बघा.) सेल बदलून, ड्रायव्हर टाकून हा बिघाड जात नाही. वॉरंटी असेल तर बिल शोधा आणि बदलून घ्या. महागाचा माऊस असेल तर सोल्डरिंग करणारा कारागीर स्विच बदलून देतो. स्वस्तातला असेल तर त्याच दिवशी गल्ल्यावरून उचला. "चालतोय तोवर चालवू" इथे म्हणायचं नाही.

आणखी एक. माऊस चालत नाही म्हणून कोणी सांगितलं की "विंडोज मारावं लागेल", तर हात जोडून नको म्हणा. ओटीजीची तपासणी आणि दुसरा माऊस लावून बघितल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणायचं नाही. २५० रुपयांच्या वस्तूसाठी तुमचा टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकांची यादी, उधारीची वही पणाला लागते. बॅकअप घेतलेला नसेल तर ती परत मिळत नाही.

किती वेळ द्यायचा, यालाही हिशोब लावा. समजा तुम्हाला महिन्याला ३०,००० रुपये सुटतात, २५ दिवस, रोज दहा तास दुकान. तुमचा तास १२० रुपयांचा झाला. ३०० रुपयांच्या माऊसमागे अडीच तास घातलेत, की नव्या माऊसची किंमत गेली. म्हणून मी पंधरा मिनिटं धरतो. ओटीजी, सेल, पॅड, डोंगलची जागा, पोर्टची सेटिंग, सगळं त्यात बसतं. तेवढ्यात नाही सुटलं तर विषय बंद, नवा आणा.

वायरलेसला माझा सरसकट विरोध नाही. गिऱ्हाइकाकडे जाऊन लॅपटॉपवर डिझाइन दाखवणारे, प्रदर्शनात स्टॉल लावणारे, पॅकिंगच्या टेबलावर उभं राहून ऑर्डर टिपणारे, त्यांनी खुशाल वापरावा. फक्त डोंगल जपा. स्वस्त माऊसचा डोंगल हरवला की बहुतेक वेळा माऊसही गेला, कारण दुसरा डोंगल त्याच्याशी जुळत नाही. दोन सारखे माऊस असतील तर माऊस आणि डोंगल दोघांवर मार्करने एकच आकडा टाका. दिवाळीला चार दिवस दुकान बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, आणि डोंगल माऊसच्या पोटातल्या खाचेत. ती खाच बहुतेक माऊसमध्ये सेलच्या झाकणाखालीच असते.